प्रकाशाचा झोत टाकून मन ताब्यात घेता येत नाही

ऑप्टोजेनेटिक्सच्या, म्हणजे प्रकाशाने मज्जापेशी चालू-बंद करण्याच्या तंत्राच्या, बातम्यांबरोबर एक भीतीही पसरली: डोक्यावर दिवा रोखला की माणूस ताब्यात. ही भीती निराधार आहे. मेंदूतल्या मज्जापेशी निळ्या प्रकाशाला दाद देत नाहीत. त्यांनी दाद द्यावी म्हणून आधी त्यांच्यात परका जनुक घालावा लागतो. तो मिळतो क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शेवाळातून. उजेड कुठून येतो हे त्याला चॅनेलऱ्होडॉप्सिन या प्रथिनामुळे कळते. निळा प्रकाश पडला की या प्रथिनातली वाट उघडते, धनभारित आयन आत शिरतात आणि पेशी संदेश सोडते. स्टॅनफर्डच्या कार्ल डायसरॉथ, एड बॉयडेन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बशीत वाढवलेल्या मज्जापेशींवर हे करून दाखवले, तेही मिलिसेकंदांच्या अचूकतेने.

‘वीज देऊन हे आधीही होत होतेच की’, असेही म्हटले जाते. पण विद्युताग्र आसपासच्या सगळ्याच पेशींना चेतवते. जनुक मात्र निवडक प्रकारच्या पेशींतच कामाला लावता येतो. अशा नेमक्या साधनाची गरज शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्येच मांडली होती.

मेंदूच्या एफएमआरआय तपासणीतल्या रंगीत चित्रांत विचार दिसतात, हाही गैरसमजच. तिथे रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजला जातो, तोही काही सेकंद उशिराने. एखादा भाग एखाद्या कामाच्या वेळी सक्रिय होतो एवढेच त्यातून कळते. तोच भाग ते काम घडवतो का, हे त्या पेशी चालू-बंद केल्याशिवाय सांगता येत नाही. माझ्या मते ऑप्टोजेनेटिक्सचे खरे मोल इथे आहे.

खोट्या आठवणींचा प्रयोगही नीट समजून घ्यायला हवा. एमआयटीत सुसुमू टोनेगावा यांच्या गटाने २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. उंदीर एका पेटीत फिरत असताना त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या सक्रिय झालेल्या पेशी प्रकाशाला संवेदनशील केल्या. मग दुसऱ्या पेटीत त्याच पेशी प्रकाशाने जागवून पायाला विजेचा झटका दिला. त्यानंतर पहिल्या पेटीत ठेवताच उंदीर भीतीने थिजला, जिथे त्याला कधीच झटका बसला नव्हता. यासाठी मेंदूत जनुक सोडावे लागले, प्रकाशतंतू बसवावा लागला.

माणसावरचा एक ठळक उपयोग आहे डोळ्यातला. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्याच्या विकाराने अंध झालेल्या ५८ वर्षांच्या रुग्णाच्या एका डोळ्यात असा जनुक टोचला. टेबलावरची वही कुठे आहे हे त्याला कळू लागल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यासाठी दृश्याचे प्रखर पिवळसर प्रकाशात रूपांतर करणारा खास गॉगल लावावा लागतो. तो काढला की ती वही त्याला शोधता येत नाही.