चेक इंजिनचा दिवा लागला तर…

ओबीडी-२ : गाडीची स्वयंनिदान यंत्रणा, हा दिवा तीच लावते. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सक्तीची, भारतात २०१३पासून. स्कॅनर जोडण्याचा १६ पिनांचा सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतो.

कोड : स्कॅनरवर दिसणारं दोषाचं नाव. एक अक्षर, चार खुणा. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. त्यापुढे ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान. १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा.

• पी०१७१ : मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. (आदर्श प्रमाण वजनाने १४.७ भाग हवा, १ भाग पेट्रोल.) हा कोड दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई होते. पण बऱ्याचदा तो सेन्सर खरं तेच सांगत असतो. जास्त पळालेल्या गाडीत आधी पाहायचं ते व्हॅक्यूमच्या नळीला गेलेली चीर, मळलेला एअरफ्लो सेन्सर, थकलेला फ्युएल पंप.

• पी०३०० : मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), एका ठरावीक सिलिंडरपुरतं नसलेलं. पी०३०१ म्हणजे फक्त पहिला सिलिंडर. प्लग आणि कॉइल आधी तपासतात.

• पी०४२० : धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटली.

दिवा : स्थिर असेल तर लवकर तपासणी. लुकलुकत असेल तर मिसफायर गंभीर. न जळलेल्या पेट्रोलने कन्व्हर्टर तापून निकामी होतो. बॅटरीची वायर काढल्याने दिवा विझू शकतो, दोष जात नाही. कोड पुसण्याआधी लिहून ठेवा.