टीव्हीखालचा लॅपटॉप

परभणीत आमच्याकडे लॅपटॉप टीव्हीला कायमचा जोडला गेला तो लोडशेडिंगमुळे. २००५ नंतरची काही वर्षं लाईट कधी जाणार याचं वेळापत्रक घरात सगळ्यांना पाठ असायचं. डेस्कटॉप घ्यावा तर सोबत यूपीएस आलं. लॅपटॉपच्या पोटात बॅटरी होतीच. लाईट गेली की टीव्ही बंद पडायचा, पण सिनेमा लॅपटॉपच्या पडद्यावर चालूच राहायचा आणि मंडळी खुर्च्या पुढे ओढून बसायची.

तेव्हा सिनेमे पेनड्राइव्हवरून यायचे. व्हीएलसी प्लेअरला जवळपास कुठलीही फाइल चालायची. पुढे एक्सबीएमसी हे मीडिया सेंटर आलं, २०१४मध्ये त्याचं नाव कोडी झालं, आणि मोबाइलचाच रिमोट करता येऊ लागला. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं नि सिनेमे साठवण्याची हौस ओसरली. साठवलेल्यातले कित्येक तसेही कोणी पाहिले नव्हते.

लॅपटॉपला नडला तो इथला उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात शोकेसचा बंद कप्पा, झाकण मिटलेलं आणि चार्जर चोवीस तास लावलेला. बऱ्याच लॅपटॉपची गरम हवा बिजागरीजवळून बाहेर पडते. झाकण मिटलं की ती कोंडते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि भरलेलं पोट एकदम सोसत नाही. ४० अंशांत पूर्ण भरून ठेवली तर वर्षभरात साधारण तिसरा हिस्सा क्षमता जाते. म्हणजे जिच्यासाठी लॅपटॉप घेतला, तीच आधी गेली. बॅटरी फुगली की अनेकदा पहिल्यांदा टचपॅडवर कळतं : ते एका कडेने वर येतं, क्लिक होईनासं होतं. दाबून बसवायच्या फंदात पडू नये. लॅपटॉप बंद करून थेट दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, आमच्या जुन्यात नव्हती. शेवटी बॅटरी काढली आणि लॅपटॉप घरच्या इन्व्हर्टरवर घेतला. जानेवारी २०२०मध्ये विंडोज ७चे अपडेट थांबले, तेव्हा लिनक्स मिंट टाकलं.

२५ वॅट धरले तरी चोवीस तास चालवल्याचे महिन्याला १८ युनिट होतात. टीव्हीमागची स्ट्रीमिंग स्टिक त्याहून फारच कमी विजेत भागवते आणि रोजचं बघणं आता तिच्यावरच. लॅपटॉप राहिला तो डीव्हीडी ड्राइव्हमुळे. सेलू-जिंतूरकडचे पाहुणे लग्नाच्या, बारशाच्या चरे पडलेल्या डीव्हीडी पिशवीत घालून आणतात, पेनड्राइव्हवर उतरवून द्या म्हणतात. मे महिन्यात हे काम दिवस मावळल्यावरच हाती घेतो.