‘समजलं का?’ विचारणं मी का बंद केलं

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि थोडा माझ्याच फजितीचा.

दर शनिवारी मी टीममधल्या पाच जणांना मराठी शिकवतो. सगळे हिंदी बोलणारे. एकदा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ घेतलं. हिंदीत दोन्हींना ‘हम’च. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो, एवढं सांगून विचारलं, "समजलं का?" पाचही माना हलल्या. मी खूश.

त्याच आठवड्यात त्यातला एक जण घरमालकीण काकूंना म्हणाला, "काकू, आपण दिवाळीला गावी चाललोय." काकू म्हणाल्या, "अरे वा, मलाही नेतोस? बॅग भरते हं!" त्या गमतीनं बोलल्या, पण हा इतका ओशाळला की पुढचे दोन आठवडे मराठीत एक शब्द नाही. चूक खरं तर माझी होती.

बघा ना, "समजलं का?"ला ‘नाही’ म्हणायला धाडस लागतं. आणि कित्येकदा आपल्याला समजलेलं नाही, हेच आपल्याला माहीत नसतं. ‘कोड चालतोय ना?’ एवढं डेव्हलपरला विचारून कोणी रिलीज करतं का? टेस्ट केस लागतेच.

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या ट्रेनिंगमध्ये यासाठी ‘कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन्स’ असतात. म्हणजे अर्थ तपासणारे बारके प्रश्न. प्रश्नात नवा शब्द आणायचा नाही, आणि उत्तर एका शब्दात यायला हवं. आता मी फळ्यावर लिहितो, ‘आम्ही पिक्चरला चाललोय.’ मग विचारतो: बोलणारा जाणार? हो. एकटाच? नाही. ज्याला सांगतोय, तो जाणार?

इथं थांबायचं. सगळे एकदम बोलले की एका हुशाराच्या मागे बाकीचे वाहून जातात. म्हणून उत्तर वहीत लिहायचं, मग दाखवायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा तिघांनी ‘हो’ लिहिलं होतं!

‘अर्थ समजावून सांग’ असं मात्र विचारू नका. त्याला नव्या शब्दापेक्षा अवघड मराठी लागतं. आणि ‘चमचा’साठी एवढा खटाटोप कशाला? चमचा दाखवा, विषय संपला.

अजून एक भानगड आहेच: "आपण कुठे राहता?" हा आदराचा ‘आपण’. त्यात बोलणारा नसतोच! तो मी मुद्दाम येत्या शनिवारसाठी ठेवलाय. तपासायला प्रश्न कोणता विचारू? सुचला तर व्हॉइस नोट पाठवा.