मूलपेशी संशोधनाचा खर्च : ताळेबंद कसा वाचावा?

सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संशोधनाचा हिशेब लोकांसमोर मांडला जावा, याविषयी सहसा दुमत नसते. मतभेद सुरू होतात ते हिशेब कशाला म्हणावे, या प्रश्नापाशी. आपल्या मंडळांच्या वार्षिक सभेत कोषाध्यक्ष ताळेबंद वाचून दाखवतात. नेत्रशिबिरावर किती रुपये खर्च झाले ते त्यात दिसते. किती जणांना पुन्हा दिसू लागले, ते दिसत नाही. विद्यापीठांतील मूलपेशी संशोधनाच्या बाबतीत हेच अंतर अब्जावधी डॉलरांचे होते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्नियातील, अनुभवाच्या आधारे हा ताळेबंद कसा वाचावा हे सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांसाठी प्रथम थोडा खुलासा. ज्या पेशी स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात आणि शरीरातील निरनिराळ्या विशेष पेशींमध्ये रूपांतरितही होऊ शकतात, त्या मूलपेशी, अर्थात स्टेम सेल. अस्थिमज्जेतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण ही जुनी व सिद्ध उपचारपद्धती आहे. वाद उद्भवला तो मानवी भ्रूणातून मिळवलेल्या पेशींवरून. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांनी अशा पेशी प्रथमच प्रयोगशाळेत वाढवल्या. भ्रूण नष्ट होणाऱ्या संशोधनास अमेरिकेचा संघीय निधी वापरण्यास कायद्याने मनाई असल्याने ते काम खासगी पैशातून झाले होते.

एका प्रयोगशाळेत दोन वह्या

९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी निर्णय जाहीर केला की, त्या दिवसापूर्वी तयार झालेल्या भ्रूणपेशीमालिकांवरील संशोधनासच संघीय निधी मिळेल. नव्या मालिकांवर काम करण्यास बंदी नव्हती. मात्र त्यात सरकारचा एक डॉलरही मिसळता कामा नये, अशी अट होती. परिणामी सरकारी पैशातून घेतलेला सूक्ष्मदर्शक एका प्रयोगास चाले, शेजारच्या प्रयोगास चालत नसे. अनेक विद्यापीठांनी उपकरणांवर वेगवेगळ्या खुणा केल्या, तर काहींनी स्वतंत्र जागाच उभारल्या. मार्च २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी हे निर्बंध उठवले. पण या आठ वर्षांनी एक गोष्ट सिद्ध केली : विद्यापीठाने मनावर घेतले, तर संशोधनावरील खर्च पेशींच्या प्रकारानुसार आणि निधीच्या स्रोतानुसार वेगळा काढून दाखवता येतो. तो दाखवणे अशक्य आहे, ही सबब त्यानंतर टिकत नाही.

कॅलिफोर्नियाचा प्रयोग

संघीय निधीची कोंडी पाहून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २ नोव्हेंबर २००४ रोजी ‘प्रपोझिशन ७१’ हा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी संमत केला. राज्याने कर्जरोखे काढून तीन अब्ज डॉलर उभे करावेत आणि नव्या संस्थेमार्फत, म्हणजे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट फॉर रिजनरेटिव्ह मेडिसिनमार्फत, ते विद्यापीठांना व संशोधनसंस्थांना द्यावेत, अशी ही योजना होती. न्यायालयीन दाव्यांमुळे रोख्यांची विक्री २००७ पर्यंत रखडली.

या कायद्यात हिशेबाची तरतूद सुरुवातीपासून होती. दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण, दिलेल्या अनुदानांचा व झालेल्या कामाचा सार्वजनिक वार्षिक अहवाल, आणि राज्याच्या लेखानियंत्रकाच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती, असे तिचे स्वरूप होते. कोणत्या संस्थेतील कोणत्या संशोधकास किती रक्कम मिळाली आणि प्रगती काय, याची माहिती अनुदाननिहाय उपलब्ध असते. २००८ मध्ये इमारती व प्रयोगशाळांसाठी बारा संस्थांना दिलेले सुमारे २७ कोटी १० लाख डॉलर त्यात वेगळे दिसतात. प्रस्तावांची शास्त्रीय छाननी बंद दाराआड होते, परंतु अंतिम मंजुरी खुल्या सभेत दिली जाते.

एवढे असूनही एक उणीव राहिलीच. अनुदान मंजूर करणाऱ्या मंडळावर, अनुदान घेणाऱ्या विद्यापीठांचेच अनेक प्रतिनिधी होते. प्रत्येक रक्कम जाहीर होत होती. पण ती ठरवणारा कोण, हा प्रश्न रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने डिसेंबर २०१२ च्या अहवालात यावर बोट ठेवले, आणि जानेवारी २०१३ मध्ये मंडळाने अशा सदस्यांना अनुदानाच्या मतदानापासून दूर ठेवण्याचे ठरवले. नोंदी खुल्या होत्या, म्हणूनच ही टीका पुराव्यानिशी करता आली.

आकडे वाचताना

प्रसिद्ध झालेला आकडाही जपून वाचावा लागतो. त्याची तीन कारणे मला महत्त्वाची वाटतात.

पहिले, बेरजेचे. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था मूलपेशी संशोधनावरील खर्च मानवी भ्रूणपेशी, अन्य मानवी पेशी, प्राण्यांच्या पेशी अशा वर्गांत जाहीर करते. परंतु एकच प्रकल्प एकाहून अधिक वर्गांत मोजला जाऊ शकतो. या वर्गांची सरळ बेरीज केली, तर खर्च प्रत्यक्षाहून अधिक दिसेल.

दुसरे, अप्रत्यक्ष खर्चाचे. अनुदानातील सर्व रक्कम परीक्षानळीपर्यंत पोहोचत नाही. वीज, इमारत, ग्रंथालय, प्रशासन यांचा वाटा विद्यापीठ वेगळा घेते. हा वाटा गैर नव्हे, परंतु तो स्वतंत्र दाखवला पाहिजे.

तिसरे, व्याजाचे. तीन अब्जांचे कर्ज व्याजासह सुमारे सहा अब्जांचे होईल, असा राज्याच्या विश्लेषकांचा अंदाज होता. २०२० मध्ये ‘प्रपोझिशन १४’द्वारे आणखी साडेपाच अब्ज मागण्यात आले, तेव्हा तो प्रस्ताव सुमारे ५१ टक्के मतांनी जेमतेम संमत झाला. सोळा वर्षांचा हिशेब समोर असल्यामुळेच मतदारांना पुनर्विचार करता आला.

निष्पत्तीचा रकाना

सर्वांत अवघड रकाना निष्पत्तीचा. ‘एडीए-एससीआयडी’ या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या अभावाने आजारी असलेल्या बालकांवर त्यांच्याच रक्तजनक मूलपेशींत जनुकीय दुरुस्ती करून उपचार करण्याच्या संशोधनास कॅलिफोर्नियाच्या निधीचा आधार मिळाला. लॉस एंजेलिसमधील विद्यापीठ व लंडन येथील संशोधकांनी २०२१ मध्ये पन्नास बालकांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी अठ्ठेचाळीस जणांत उपचार यशस्वी ठरला होता. तथापि हक्क मिळालेल्या कंपनीने पुढे या उपचारावरील काम थांबवले. विज्ञान यशस्वी झाले, पण औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याची वाट अडली. केवळ खर्चाच्या तक्त्यात हे कधीच दिसले नसते.

याची उलट बाजू दक्षिण कोरियात दिसली. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील ह्वांग वू-सुक यांना सरकारने सढळ निधी दिला. २००४ व २००५ मधील त्यांच्या शोधनिबंधांतील निष्कर्ष बनावट असल्याचे विद्यापीठाच्या चौकशीत जानेवारी २००६ मध्ये ठरले. ही बनवेगिरी उघडकीस आणली ती एका माजी सहकाऱ्याने, पत्रकारांनी आणि तरुण शास्त्रज्ञांनी. २००९ मध्ये न्यायालयाने त्यांना संशोधननिधीच्या अपहाराबद्दलही दोषी ठरवले. अर्थात, पैशाची तपासणी आणि शास्त्राची तपासणी या एकमेकींना पूरक आहेत. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

आपल्यापुरते

आपल्याकडे माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक संस्थांनी आपला अर्थसंकल्प, प्रस्तावित खर्च व वितरित रकमांचे अहवाल मागणीची वाट न पाहता प्रसिद्ध करावयाचे आहेत. शासकीय विद्यापीठे व संशोधनसंस्था यांनाही हे लागू आहे. आपण चार प्रश्न विचारावेत : पैसा कोणाचा, तो कोणत्या पेशींवरील कामासाठी, देण्याचा निर्णय कोणाचा, आणि निष्पन्न काय झाले?

हेच प्रश्न रुग्णाच्या हिताचेही आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट केले की, रक्तविकारांसाठीचे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा अन्य वापर हा उपचार नसून संशोधन आहे, आणि मान्यताप्राप्त चाचणीबाहेर तो करणे अनैतिक आहे. ज्या संशोधनाचा हिशेब खुला असतो, त्याचे यश आणि अपयश दोन्ही आपण तपासू शकतो. जिथे लाखो रुपये आगाऊ घेतले जातात, पण नोंदणीकृत चाचणी नाही, प्रसिद्ध निष्कर्ष नाहीत, तिथे संशोधनाचा खर्च रुग्णाच्या खिशातून होत असतो आणि त्याचा ताळेबंद कोणापुढेच मांडला जात नाही. आपल्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या कुटुंबास हा फरक समजावून सांगणे, हे मी आपणा सर्व डॉक्टरांचे कर्तव्य मानतो.