वजनाची रोजकीर्द

हळदीचा हंगाम सुरू झाला की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात वाहनांच्या रांगा लागतात. कट्टे उतरतात, बीट होते, मापाडी वजन पुकारतो आणि मुनीम ते पट्टीवर उतरवून घेतो. किलोभराचा फरक निघाला तरी शेतकरी काट्यापाशी थांबतो आणि व्यापारीही थांबतो. पुन्हा तोलल्याशिवाय कोणी हलत नाही. दिवसाकाठी इतक्या वजनांची नोंद ठेवणाऱ्या आडत दुकानात एका वजनाची नोंद मात्र कोठेही सापडत नाही. ते वजन गादीवर बसलेल्या शेठजींचे. विचारले तर ‘असेल ब्याऐंशी-पंच्याऐंशी’ असे उत्तर मिळते. हळदीच्या बाबतीत असले उत्तर त्यांनी स्वतः कधीच चालवून घेतले नसते.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव या गावांतील जैन व्यापारी कुटुंबांचे जीवन बहुतांशी बैठे आहे. सकाळी नऊला दुकान उघडते, रात्री वाढवले जाते. मधल्या वेळेत उठणे होते ते गोदामापर्यंत किंवा बँकेपर्यंत, आणि तेही आता दुचाकीवरून. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर चहा घेणे हा व्यवहाराचाच भाग समजला जातो. दिवसाला आठ कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असा साधा हिशेब मांडला, तर साठ ग्रॅमहून अधिक साखर नुसत्या चहातून पोटात जाते. महिन्याला ही साखर जवळजवळ दोन किलो भरते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवावी असे सुचवते. चहाबरोबरच्या शेवेचा आणि फरसाणाचा हिशेब यात अजून धरलेलाच नाही. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास उष्मांक असतात.

हे कोणाला ठाऊक नसते असे मुळीच नाही. साखर, तेल, मैदा यांच्याविषयी सांगणारे डॉक्टर गावात आहेत, मोबाईलवर तर दर तासाला कोणी ना कोणी सांगतच असतो. दिवाळीनंतर, रक्ततपासणीचा कागद हाती आल्यावर किंवा लग्नातला जुना कोट बसेनासा झाल्यावर निश्चयही होतो. तो निश्चय साधारण तीन आठवडे टिकतो. मग एखादे लग्न येते, एखादा पाहुणा येतो आणि निश्चय कधी सुटला हे करणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. त्याचे कारण उघड आहे. तो निश्चय मनातल्या मनात केलेला असतो. त्याला ना वही असते, ना साक्षीदार.

साक्षीदाराचे महत्त्व न्यूयॉर्कमधील एका गृहिणीच्या अनुभवातून चांगले कळते. जीन निडेच हे तिचे नाव. १९६१ साली तिचे वजन ९७ किलोच्या आसपास होते. शहराच्या आरोग्य विभागाच्या स्थूलता चिकित्सालयात तिला आहाराचा तक्ता मिळाला आणि त्यानुसार तिने सुमारे नऊ किलो वजन कमीही केले. पण रात्री लपवून ठेवलेली बिस्किटे खाण्याची सवय काही सुटेना, आणि चिकित्सालयात ते कबूल करण्याचे धैर्यही होईना. अखेर तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि त्यांच्यापुढे ही गोष्ट सांगून टाकली. तेव्हा इतर जणीही आपापल्या लपवलेल्या खाऊविषयी बोलू लागल्या. त्या बैठका दर आठवड्याला भरू लागल्या. १९६२च्या अखेरीपर्यंत निडेच ६४ किलोवर आली होती, आणि १९६३ साली त्या बैठकांतून ‘वेट वॉचर्स’ ही संस्था उभी राहिली. तक्ता तोच होता, चिकित्सालयातला. त्यात भर पडली ती दर आठवड्याला खरे सांगण्याच्या जागेची.

पुढे संशोधकांनीही हेच पाहिले. अमेरिकेत सुमारे सतराशे जणांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज खाल्लेल्या अन्नाची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरले होते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या रोजकीर्द लिहिण्याची सवय आहे, त्याला यात नवल वाटू नये. मांडलेला खर्च आपोआप कमी होतो, हे प्रत्येक दुकानदार जाणतो.

मराठवाड्याला तर असा प्रयोग दूर जाऊन शोधावा लागत नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रथम स्वतःवर प्रयोग केला आणि त्यानंतर त्याची चळवळ केली. नियम थोडे आहेत: खरी भूक लागेल अशा दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवावे, मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा याखेरीज काही घेऊ नये, आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. पण या चळवळीचे बळ केवळ या नियमांत नव्हते. आरंभी वजन व कमरेचा घेर मोजणे, रक्तातील इन्शुलिन आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी तपासणे, तीन महिन्यांनी पुन्हा तेच करणे आणि दरम्यान व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात राहून शंका विचारणे, अशी तिची रचना होती. तीन महिन्यांनी दाखवायचा कागद आधीच ठरलेला असे. घराघरांत ‘दीक्षित डाएट’ या नावाने जे पोहोचले, त्यातून हा हिशेबाचा भाग पुष्कळदा गळून पडला आणि ‘दोनदा जेवा’ एवढेच उरले. ज्यांनी तेवढेच घेतले त्यांना पुढे चिकाटी टिकवणे जड गेले असावे.

दोनदा जेवावे की दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, यावर मध्यंतरी महाराष्ट्रात बराच वाद झाला. तो पूर्ण मिटलेला नाही, आणि कदाचित मिटण्याची गरजही नाही. २००५ साली अमेरिकेत १६० जणांना चार वेगवेगळ्या आहारपद्धती वाटून देऊन वर्षभर पाहिले गेले. चारही पद्धतींतून उतरलेले वजन साधारण सारखेच होते. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने: ज्याने आपली पद्धत जितकी नेटाने पाळली, तितके त्याचे वजन उतरले. पद्धत कोणती घ्यावी यावर घरोघर चाललेली चर्चा म्हणूनच थोडी आवरती घेतली तरी चालेल.

नेटाने पाळण्याची रीत जैन कुटुंबाला कोणी नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. संकल्प आणि प्रत्याख्यान यांत मोठा फरक आहे. ‘आता कमी खाईन’ हा संकल्प झाला. प्रत्याख्यानात काय सोडले, किती काळासाठी सोडले आणि कोणाच्या साक्षीने सोडले, हे तिन्ही स्पष्ट असते. नवकारशी, बियासन, एकासन, चौविहार यांतील प्रत्येकाला वेळेची मर्यादा आहे. शिवाय पच्चक्खाणात ‘आगार’ असतात, म्हणजे अजाणता किंवा अकस्मात घडणाऱ्या गोष्टींची सूट आधीच सांगून ठेवलेली असते. मनुष्यस्वभाव ओळखून केलेली ही तरतूद आहे. वजन कमी करू पाहणारे नेमके इथेच फसतात. त्यांच्या निश्चयात सूट नसते, म्हणून बहिणीच्या घरी खाल्लेल्या एका जिलेबीने तो निश्चय मोडला असे ते धरून चालतात आणि रात्री सगळा डबा संपवतात. दोषांचा विचार करताना शास्त्राने अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार अशा पायऱ्या केल्या आहेत. व्रताला लागलेला डाग आणि व्रताचा भंग या दोन गोष्टी तिथे एक मानलेल्या नाहीत. डागाची आलोचना करायची आणि व्रत पुढे चालू ठेवायचे.

बाह्य तपांत अनशनानंतर लगेच येते ते अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदरी. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा मानून त्याहून कमी घेणे हे तप सांगितले आहे. एक घास कमी घेतला तरी त्याची गणना ऊनोदरीत होते. उपवास करणाऱ्याचे कौतुक होते, वरघोडा निघतो. ऊनोदरी करणाऱ्याची मात्र कोणाला दखलही लागत नाही. वजनाच्या दृष्टीने पाहिले तर अधिक उपयोगी तीच. रसपरित्यागात दूध, दही, तूप, तेल आणि गोड यांवर मर्यादा येते. आहारतज्ज्ञ आज ज्या वस्तूंवर बोट ठेवतात, त्यांतील बऱ्याचशा याच यादीत आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तप हे कर्मनिर्जरेसाठी आहे. शरीर सडपातळ व्हावे म्हणून केलेल्या उपवासाला तप म्हणता येणार नाही, आणि वजन उतरवण्याचे साधन म्हणूनही तो फारसा भरवशाचा नाही. धारणेच्या दिवशी शिगोशिग भरलेले ताट आणि पारण्याला आग्रहाने वाढलेले पक्वान्न यांची बेरीज केली, तर मधल्या दिवसाची वजाबाकी बहुधा भरून निघते. म्हणून दोन्ही खाती वेगळी ठेवणे बरे. घ्यायची आहे ती व्रताची शिस्त, त्याचे पुण्य इथे गहाण टाकण्याचे कारण नाही.

मग साक्षीदार कोण असावा? घरातील रागावणारी व्यक्ती नसावी, हे पहिले. ‘सांगितले होते ना, तूप कमी घ्या’ असे ऐकावे लागणार असेल, तर काट्यावर चढणेच टळू लागते. आकडा पाहून, काही न बोलता तारखेसमोर लिहून ठेवणारी व्यक्ती हवी. कधी कॉलेजात जाणारी नात हे काम उत्तम करते, कधी शेजारचा दुकानदार. दोघेही एकाच नावेत असतील तर आणखी चांगले: सोमवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी दोघांनी वजन करायचे आणि एकाने दुसऱ्याच्या वहीत लिहायचे. रामलीला मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांच्या टोळ्या टिकतात त्याही याच कारणाने. न आलेल्याची चौकशी होते.

स्त्रियांची अडचण निराळी आहे आणि तिच्याविषयी कमी बोलले जाते. गृहिणी सर्वांच्या मागून जेवते. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्यात उरलेली भाजी, अन्न वाया जाऊ नये या भावनेने तिच्याच ताटात येते. चव पाहण्यात गेलेले घास कोणी मोजत नाही. पती सासूबाईंसमोर पथ्य सांगू शकतो. सुनेने तेच सांगितले तर ‘आतापासूनच कसले डाएट’ असा शेरा मिळतो. घरातील कर्त्याने वजन उतरवायचे ठरवले की त्याच्यासाठी वेगळी भाजी शिजते. तिच्यासाठी कोण शिजवणार? निदान सूर्यास्तापूर्वीचे जेवण सर्वांनी एकत्र, मोजकेच शिजवून घेतले, तर उरलेले संपवण्याचा भार तरी तिच्यावर पडत नाही. दुकानात पाच-साडेपाचला डबा पाठवण्याची जुनी पद्धत ज्या घरांत अजून चालू आहे, तेथे चौविहारही साधतो आणि रात्री दहाचे जड जेवणही टळते.

अपेक्षेचा आकडा मात्र व्यवहारी असावा. ८० किलोच्या माणसाने चार ते आठ किलो, म्हणजे पाच ते दहा टक्के वजन उतरवले, तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांवर चांगला परिणाम दिसतो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे. ती टेपने घरीच पाहता येते. पाणी आणि मीठ यांमुळे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होते, तेव्हा रोजच्या आकड्यावर हर्ष-खेद करण्यात अर्थ नाही. महिन्याची तेजी-मंदी पाहावी. काटा हलेनासा झाला तरी सर्व व्यर्थ गेले असे होत नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणे यांकडे लक्ष देणाऱ्या गटाचे वजन फारसे उतरले नव्हते; तरी त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी भरले.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. औषध तेच ठेवून जेवण वगळल्यास साखर धोकादायक रीतीने खाली जाते. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि वाढत्या वयाची मुले यांनी असले प्रयोग करू नयेत.

हंगामाचे चार महिने यार्डात वेळेचे भान राहत नाही, हे मान्य करून त्यासाठी आगार आधीच लिहून ठेवता येतो: तेवढ्या काळात वजन उतरले नाही तरी चालेल, चढू द्यायचे नाही, चहा बिनसाखरेचा, आणि सोमवारचे वजन चुकवायचे नाही. पावसाळा लागला, आवक ओसरली की वहीतील पुढचे पान उघडायचे. मोठा काटा तर दुकानात आहेच.