खळगा ओढणारा इलेक्ट्रॉन

तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन जवळपास मोकळा धावतो. लँथॅनम, कॅल्शियम आणि मँगनीजच्या ऑक्साइडात मात्र तो ज्या मँगनीजपाशी टेकतो, त्याभोवतीचे ऑक्सिजनचे अणू सरकतात. कापसाच्या गादीत खळगा पडावा तसे. पुढे जायचे तर खळगाही बरोबर न्यायचा. हे दोन्ही मिळून पोलरॉन. मूळ कल्पना लांदाऊची, १९३३ची. पण या पदार्थात पुरावा काय? १९९६ मध्ये झाओ, म्युलर आणि सहकाऱ्यांनी त्यातला ऑक्सिजन-१६ काढून जड ऑक्सिजन-१८ भरला. रसायन तेच, बदलले फक्त वजन. तरीही चुंबकत्व मावळण्याचे तापमान सुमारे २० अंशांनी उतरले! मला हा प्रयोग फार देखणा वाटतो. शेजारशेजारचे मँगनीज अणू आपली चुंबकत्वे एका दिशेला वळवतात, ते इलेक्ट्रॉनच्या उड्यांमुळे. आणि जड खळगा ओढताना त्या उड्याच मंदावतात.