पापणीचं ऑपरेशन : फक्त रूपासाठी की नजरेसाठीही?

माझी आत्या इंदूरला राहते. गेली दोन-तीन वर्षं ती हनुवटी वर करून टीव्ही पाहायची. स्वयंपाकघरात वरच्या कपाटाचं उघडं दार तिच्या डोक्याला हमखास लागायचं. संध्याकाळी कपाळ दुखायचं. चष्मा बदलून झाला, तरी फरक नाही. शेवटी डॉक्टरांनी वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया सुचवली, तेव्हा आत्याच संकोचली, ‘‘या वयात नटायचंय का मला? लोक काय म्हणतील?’’

अनेक घरांत हाच गैरसमज असतो. पापणीची शस्त्रक्रिया म्हणजे सौंदर्याची हौस, असं वाटून नजरेचा खरा त्रास वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो.

पापणी नजरेच्या आड कशी येते?

याची मुख्य कारणं दोन. पहिलं म्हणजे, वयानुसार पापणीची कातडी सैल होऊन पडद्याच्या झालरीसारखी डोळ्यावर लोंबते. दुसरं, पापणी उचलणारा स्नायू सैल पडतो आणि पापणीची कडाच खाली येते. याला टोसिस म्हणतात. काहींना दोन्ही असतं.

अशा वेळी वरच्या आणि कडेच्या बाजूचं दिसणं कमी होतं. मेंदू भुवया उचलून त्यावर उपाय शोधतो. दिवसभर भुवया ताणल्याने कपाळ थकतं, डोकं दुखतं. गंमत म्हणजे, डॉक्टरांकडच्या तक्त्यावरची अक्षरं मात्र नीट वाचता येऊ शकतात, कारण तक्ता फक्त मधली, समोरची नजर तपासतो.

म्हणून व्हिज्युअल फील्ड ही तपासणी महत्त्वाची. ती एकदा पापणी नेहमीसारखी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून करतात. दोन्हींत मोठा फरक दिसला तर पापणी खरोखरच नजरेच्या आड येत आहे, हे कळतं. विम्याचा दावा करायचा असेल तर हे रिपोर्ट आणि फोटो जपून ठेवा. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपन्या सहसा देत नाहीत.

काय सुधारतं?

जादा कातडी काढतात किंवा सैल स्नायू घट्ट करतात. बहुतेक वेळा भूल फक्त पापणीपुरती असते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. वरच्या बाजूची नजर मोकळी होते. जिना, सिग्नल, वरच्या फळीवरचा डबा सहज दिसतो. कपाळाचा ताण हलका होतो. काहींना फिकट रंगांतला आणि कमी प्रकाशातला फरकही आधीपेक्षा स्पष्ट जाणवतो.

काय सुधारत नाही?

मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याचे आजार किंवा जवळचं वाचण्याचा चष्मा यांवर हा उपाय नाही. उलट पापणीचा बुबुळावरचा दाब बदलल्याने चष्म्याचा, विशेषतः सिलिंडरचा नंबर थोडा बदलू शकतो. त्यामुळे नवा चष्मा लगेच करू नका, साधारण तीन महिने थांबून नंबर तपासून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशनही करायचं असेल तर आधी कोणतं करायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण बुबुळाच्या मोजमापावरही लेन्सचा नंबर ठरतो.

हे आधी सांगा

डोळे कोरडे पडत असतील, थायरॉइड असेल, पूर्वी लेसिक झालं असेल तर नक्की सांगा. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डोळा पूर्ण मिटत नाही, कोरडेपणा वाढतो आणि दिसणं धूसर होतं. गरजेपेक्षा जास्त कातडी काढली गेली तर हा त्रास टिकून राहतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारा.

सुरुवातीला सूज आणि काळंनिळं होणं स्वाभाविक आहे. मात्र अचानक तीव्र वेदना, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणं किंवा दिसणं कमी होणं ही धोक्याची घंटा आहे. डोळ्यामागे रक्त साचल्याने असं होऊ शकतं. हे क्वचित घडतं, पण नजर जाऊ शकते. सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

पापणी एकाएकी पडली, सोबत दोन-दोन दिसू लागलं किंवा डोकं खूप दुखू लागलं, तर ते वयाचं लक्षण समजू नका. मेंदूच्या किंवा नसांच्या आजाराचीही ती खूण असू शकते. लहान मुलाची पापणी जन्मापासून खाली असेल तर त्या डोळ्याची नजर आळशी होऊ शकते, म्हणून मोठं होण्याची वाट पाहू नका.

घरच्या घरी एवढं करा

आरशासमोर सरळ बघा. डोळ्यावर दाब न देता लोंबती कातडी बोटाने हलकेच उचला. वरचा भाग एकदम मोकळा झाल्यासारखा वाटला, तर ऑक्युलोप्लास्टी तज्ज्ञांना भेटा. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांशी बोलायला सुरुवात नक्कीच आहे.

आत्याच्या शस्त्रक्रियेला आता सहा महिने झाले. ‘किती तरुण दिसतेस’ असं कुणी म्हटलं की ती हसते आणि सांगते, ‘‘दिसण्याचं सोडा, मला आता कपाटाचं दार दिसतं.’’